खुर्चीचा नियम

"तिकडे बघू नका रे कुणी. त्याला वाटेल आपण बोलावतोय," ऑर्व्हिल म्हणाला आणि काउंटरपाशी पाठ करून बसलेल्या व्हर्लिनकडे चमचा रोखून हसला.

टेबलावरचे बाकीचेही हसले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. ऑर्व्हिलला बरं वाटलं. पहाटे घर सोडून अर्धं इंडियाना पालथं घालून आलेल्या माणसाला आपला विनोद चालला याचं फार सुख असतं.

मार्चात कॉन्फरन्सचे, म्हणजे त्यांच्या कॉलेजांच्या गटाचे, बास्केटबॉलचे सामने लागले, की स्टेडियमसमोरच्या या हॉटेलातलं लांब टेबल त्यांचं. कॉन्फरन्समध्ये जितकी कॉलेजं तितक्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला त्या कॉलेजचा तिकोनी झेंडा, आणि खुर्चीवर त्या कॉलेजचा एक जुना भक्त. कॉलेज कॉन्फरन्समधून गेलं की खुर्चीही गेली. हा नियम ऑर्व्हिलनंच केलेला. दोन वर्षांपूर्वी व्हर्लिनचं कॉलेज बाहेर पडलं, तेव्हा त्याला भरल्या पंगतीतून उठवलं तेही ऑर्व्हिलनंच. तेव्हापासून व्हर्लिन काउंटरवर एकटा जेवतो.

"लेकसाइडला आत घेणार म्हणतात. तुला काय वाटतं?" लोरीननं विचारलं. ती सेंट ऑल्बनची. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, प्रश्न विचारताना अजूनही चष्म्यावरून बघायची.

"घ्यायलाच हवं," ऑर्व्हिल म्हणाला. "शहरातलं कॉलेज, एवढं मोठं स्टेडियम, एकेक पोरगं ताडमाड. असली दोन आणली, की देशाच्या स्पर्धेत आपले तीन-तीन संघ जातील. आत्ता जातो एक, तोही पहिल्याच दिवशी मार खाऊन परत येतो."

"एक आत म्हणजे एक बाहेर," डेल्बर्ट म्हणाला. तो मक्याचं बियाणं विकायचा, आणि बोलायचा कमी.

"मग काढा की. तळाचे संघ म्हणजे गळ्यातले धोंडे. त्यांच्याशी हरलो तर नाक जातं, जिंकलो तरी कुणी कुत्रं विचारत नाही."

हे त्यानं लोरीनकडे बघत म्हटलं. सेंट ऑल्बन यंदा शेवटचं होतं. त्याचं स्वतःचं हार्लन शेवटून तिसरं, पण आपला तो बाळ्या.

मॅचच्या दिवशी ऑर्व्हिल बातमी म्हणून ऐकत नसे. घरातून निघताना फोन बंद, गाडीतला रेडिओ बंद, टीव्हीकडे पाठ. एकदा चुकून ऐकली आणि हार्लन हरलं, तेव्हापासूनचा नेम. हार्लन पुढेही हरतच राहिलं, पण नेम तो नेम. टेबलावर हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पण कॉलेज जुनं असलं तर?" लोरीननं हळूच विचारलं. "अगदी पहिल्या दिवसापासून कॉन्फरन्समध्ये असलेलं?"

बिचारी, ऑर्व्हिलच्या मनात आलं. आपल्याच कॉलेजसाठी गयावया करतेय. तसं हार्लनही पहिल्या दिवसापासूनचंच, पण हार्लनचा प्रश्न कुठे होता?

"जुनं असलं म्हणून काय झालं? दूध आटलेली गाय कुणी गोठ्यात पोसतं का?"

"आणि त्याचा माणूस? इतकी वर्षं आपल्यात बसून जेवलेला?"

"नियम सगळ्यांना एकच. झेंडा सोडायचा, खुर्ची मोकळी करायची. रडारड नको."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याच्या तोंडावर सांगणार कोण?"

"मी सांगेन. व्हर्लिनला मीच सांगितलं ना?"

डेल्बर्टनं तोंडाला रुमाल लावला. टेबलाखाली कुणीतरी कुणाला तरी पाय मारला.

"मग सांग," लोरीन म्हणाली. "डेल्बर्ट, तुझा कोट घे."

ऑर्व्हिल यायच्या आधीपासून त्याच्या खुर्चीच्या पाठीवर डेल्बर्टचा कोट टाकलेला होता. डेल्बर्टनं तो उचलला. ऑर्व्हिलनं मान वळवून मागे पाहिलं. खुर्चीला लेकसाइडचा निळा झेंडा बांधलेला होता. कोरा, घडीची रेघही न मोडलेला. इतका वेळ तो त्यालाच टेकून बसला होता.

हार्लनचा झेंडा लोरीननं आपल्या ताटलीखालून काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"सकाळीच जाहीर झालं. लेकसाइड आत, हार्लन बाहेर. आम्ही राहिलो," ती म्हणाली. "आल्या आल्या सांगणार होतो, पण म्हटलं, उगाच तुझा नेम मोडायला नको."

आता मात्र टेबलावर हशा पिकला. कॉफी घेऊन आलेली पोरगीसुद्धा हसली. ऑर्व्हिलही हसला, कारण इतकी वर्षं या टेबलावर त्याच्या तोंडाला तेवढंच येत होतं.

"आजच्या दिवस बसू दे ना," तो म्हणाला. "दुपारी मॅच आहे अजून आमची."

"नियम सगळ्यांना एकच," डेल्बर्ट म्हणाला. "लेकसाइडवाला येईलच इतक्यात. खुर्ची ऊबदार मिळेल त्याला."

ऑर्व्हिलनं झेंडा खिशात कोंबला, ताटली उचलली आणि काउंटरकडे गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. सगळे सेंट ऑल्बनच्या बचावाबद्दल बोलायला लागले होते.

काउंटरवर एकच स्टूल रिकामं होतं, व्हर्लिनच्या शेजारचं. व्हर्लिननं एकदाही वळून पाहिलं नव्हतं, पण ऐकलं सगळं असणार. ऑर्व्हिल जवळ आला तसं त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि त्या स्टुलावर ठेवली.

"कुणी येणार आहे का इथे?" ऑर्व्हिलनं विचारलं.

"नाही," व्हर्लिन म्हणाला आणि अंड्यांवर मीठ टाकू लागला.