दहा सेकंद उशिरा
जबलपूरला स्टेडियम हवं म्हणून विष्णुपंतांनी वीस वर्षं अर्ज केले. आता त्याची भिंत त्यांच्या अंगणाला लागून होती, आणि मॅचच्या दिवशी पोलिसांनी गल्ली दोन्हीकडून बंद केली होती. नात प्रणोती आज तिथे खेळत होती. घरी दोनच पास आले, ते मुला-सुनेनं नेले. विष्णुपंत बायकोसोबत टीव्हीसमोर घरातच अडकले. भिंतीवरून गलका आधी यायचा, तोच चेंडू टीव्हीवर दहा सेकंदांनी दिसायचा. प्रणोती एकोणपन्नासवर पोहोचली. "हमारी प्रणोती!" सारं शहर ओरडत होतं. अचानक पलीकडून हजारो गळ्यांतून एकच आवाज आला, "अरे यार!" मग चिडीचूप. पडद्यावर बॉलर अजून रनअपकडे चालली होती. प्रणोती हेल्मेट सारखं करत हसत होती. "सांभाळ गं," विष्णुपंत पुटपुटले. बायकोनं टीव्ही बंद केला. "काहून बंद केला?" "राहू द्या तिला उभी."