वळणावरचा गियर

"गाडी खोकते, ती गरजली पाहिजे," या पोराच्या हट्टापायी मिस्त्रीने सायलेन्सरमधली जाळी कापून काढली. गाडी गरजली, पळालीही, आणि पोरगा घराजवळच्या वळणावर भिंतीला धडकून जागीच गेला. अंथरुणाला खिळलेल्या बापाला आईने कळू दिलं नाही. ती मिस्त्रीकडे आली. "भाऊ, जाळी बसवू नका. गाडी दुरुस्त करून रोज संध्याकाळी दारापर्यंत आणा. तो आवाज ऐकल्याशिवाय हे घास घेत नाहीत. पोरगा दमून झोपला, असं सांगेन." मिस्त्री कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? तो रोज यायचा, वळणावर गियर कमी करून दारात थांबायचा. एकदा आई आत ताट वाढत असताना खिडकीलगतच्या खाटेवरून बापाची दबकी हाक आली, "मिस्त्री, आमचं पोर त्या वळणावर कधी गियर कमी करायचं नाही." मिस्त्रीची मान खाली गेली. "उद्याही या. मी जेवलो, तरच ती जेवते."