वरून निरोप

“पोपटला पुढे जाऊ दे. वरून निरोप आहे.”

काकूने रेडिओचं बटण सोडलं आणि पडद्याकडे पाहिलं. पुढच्या अवघड वळणाआधी काकाची निळी गाडी गुमान बाजूला झाली. मागची निळी गाडी भुर्रकन पुढे निघाली आणि आतून पोपटने हात वर करून आभार मानले. काका पुन्हा दुसरा आला.

काका म्हणजे तिचा नवरा. वय एकोणचाळीस, पण मोटार शर्यतीत एवढ्या वयाचा माणूस काकाच होतो, आणि मग त्याच्या बायकोला काकू व्हावंच लागतं. पोपट हा संघातला दुसरा चालक. वय तेवीस, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. एकाच संघाच्या दोन गाड्या पुढेमागे आल्या की कोणी कोणाला वाट द्यायची हे बहुतेक संघांत मालक ठरवतो. देणाऱ्याने तोंड मिटून द्यायची. पेपरवाल्यांनी काकाचं नाव ‘कायमचा दुसरा’ ठेवलं होतं. तीन वर्षांत नऊ वेळा दुसरा. पहिला मात्र अख्ख्या आयुष्यात एकदाही नाही.

तीन वर्षांपूर्वी घरच्याच मैदानावर, पुलाखालच्या वळणावर, दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि काकाची गाडी भिंतीवर गेली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सहा महिन्यांनी तो परत गाडीत बसला तेव्हा त्याचा रेडिओवरचा माणूस नोकरी सोडून गेला होता. काकू आधीपासून संघात फेऱ्यांच्या वेळा नोंदवायची. तिनेच हेडफोन डोक्यावर चढवला.

“घरी ऐकत नाही, निदान इथे तरी ऐकेल,” ती म्हणाली आणि सगळे हसले.

आणि तो खरंच ऐकायचा.

संघाचे मालक, म्हणजे साहेब, शर्यतभर तिच्या मागे हात पाठीशी बांधून उभे असायचे. हेडफोनने त्यांचे कान दुखायचे, म्हणून इंजिनांच्या कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटातही ते लावायचे नाहीत. शर्यत संपली की काकाच्या खांद्यावर थोपटून “असू दे, असू दे” म्हणायचे आणि त्याच्या नजरेला नजर न देता निघून जायचे.

आता एकच शर्यत उरली होती, तीही घरच्याच मैदानावर. त्यानंतर काका थांबणार होता.

आदल्या दिवशी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून नव्या इस्त्रीची पुस्तिका वाचत बसला होता. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तो ना कुठे सही करायचा, ना कसली पिन सॉकेटमध्ये घालायचा.

“बाबा, उद्या इस्त्रीची परीक्षा आहे का?” लेकीने विचारलं. ती फडताळावरची आपली पोहण्याची पदकं सरकवत होती. “ही जागा तुझ्या कपासाठी. पहिला आलास तर.”

“आणि दुसरा आलो तर?”

“दुसऱ्या नंबराच्या कपांचं खोकं पलंगाखाली आहे ना!”

तो खो खो हसला. पण लेक बाहेर गेल्यावर तो हळूच उठला आणि ती रिकामी जागा वितीने मोजून आला. काकूने ते दारातून पाहिलं.

“उद्याही निरोप आला तर?” तिने विचारलं.

“आला तर देईन वाट,” तो पुस्तिकेत बघत म्हणाला. “आजवर दिलीच ना?”

दुसऱ्या दिवशी, दोन फेऱ्या राहिल्या असताना, काका पहिला होता आणि पोपट त्याला अगदी चिकटून मागे. पुढे पुलाखालचं वळण होतं. साहेब नेहमीसारखे मागे उभे. काकूचं बोट बटणावर होतं, पण तिने ते दाबलं नाही.

शेवटी काकानेच विचारलं, “काकू, काही निरोप?”

तिने एकदा मागे साहेबांकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या त्या भिंतीकडे.

“काही निरोप नाही,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की. जा तू.”

तिने डोळे गच्च मिटून घेतले. मेकॅनिक ओरडायला लागले तेव्हा उघडले. वळण मागे पडलं होतं आणि पुढची निळी गाडी काकाचीच होती. शेवटच्या फेरीतही ती पुढेच राहिली.

संध्याकाळी कप फडताळावर बसला. जागा दोन बोटं कमी पडली, म्हणून एक पदक खिळ्याला टांगावं लागलं. लेक मैत्रिणींना बोलवायला पळाली. टेबलाशी दोघंच उरली.

“एक सांगायचंय,” काकू म्हणाली. “हवं तर रागाव माझ्यावर. साहेबांनी कधीच निरोप दिला नव्हता. एकदासुद्धा नाही. ते सगळे माझेच होते. तू बाजूला झालास की त्यांना वाटायचं, तुझा पाय अजून दुखतोय. बिचारे काही बोलायचे नाहीत.” ती डोळे पुसत राहिली. “तुम्ही दोघं खेटून वळणावर आलात की मला ती भिंतच दिसायची रे. नऊ वेळा तुझा पहिला नंबर मी खाल्ला.”

उठून त्याने खण उघडला, संघाशी केलेले तिन्ही वर्षांचे करार काढले आणि तिच्यापुढे ओळीने मांडले. मग चष्मा लावून पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

“तिसरं कलम,” तो म्हणाला. “‘या संघात कोणीही कोणासाठी वाट सोडणार नाही.’ दरवर्षी सही करायच्या आधी वाचलंय मी.”