घुबड कोणाच्या हातावर

"घुबड हिच्या खांद्यापाशी काढा," व्होल्फर्टने फर्मावलं. "विद्येच्या देवीचा पक्षी आहे तो. पुस्तकात वाचलंय मी."

चितारीण लिस्बेटचा कुंचला थांबला. हॉलंडच्या हार्लेम शहरातल्या गुत्त्यांच्या चित्रांत घुबड हटकून असतं, झिंगलेल्या माणसाच्या डोक्यावर. ते मूर्खाचं लक्षण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त चार पुस्तकं चाळून शहाण्या झालेल्या या पन्नाशीच्या बिअरभट्टीवाल्याला.

लग्नाच्या जोडचित्रासाठी तो उभा होता आणि शेजारी खुर्चीत मेख्टल बसली होती, एकोणीस वर्षांची. गळ्याभोवतीची कडक झालर हनुवटीला टोचत होती. मान वळवायची सोय नव्हती. दोन बायका पुरून झालेल्या या माणसाला तिच्या बापाने मरताना तिच्या लग्नाचा शब्द दिला होता, साक्षीदारांसमोर. मुलीकडच्यांनी शब्द मोडला तर न्यायाधीश तिला धरून त्याच्या घरी पोचवणार. लग्न मोडायचं तर त्यानेच. आता चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा होणार, की संपलंच.

"आई, मला नाही गं—"

"मान वर," आई हिलेगोंडा भरतकामातून डोकं न काढता म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

मेख्टलने तिच्याकडे बघणंच सोडलं.

मग हिलेगोंडाचा आवाज एकदम गोड झाला. "जावईबापू, अक्कल तुमची आणि पक्षी पोरीला? तुमच्या हातावर शोभेल तो."

व्होल्फर्ट फुलला. "सासूबाई, तुम्हाला कळतं हो!"

लिस्बेटने तोंड उघडलं. हिलेगोंडाने हातातली सुई तिच्याकडे रोखली. तोंड मिटलं.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी भट्टीवाल्यांच्या मेजवानीत व्होल्फर्टने स्वतःच चित्रावरचा पडदा ओढला. मग मागून आवाज आला, "यातला तू कुठला रे, व्होल्फर्ट?" अख्खं दालन पोट धरधरून हसलं. कोणी घुत्कार काढले, कोणी त्याच्यापुढे पेला नाचवला.

व्होल्फर्ट लालबुंद झाला. "हिच्या आईने केलंय हे! असल्या घरची पोरगी नकोच मला! मोडलं लग्न!"

हिलेगोंडा सावकाश उठली. झगा झटकला.

"जरा मोठ्याने बोला, जावईबापू," ती म्हणाली. "न्यायाधीशांना मीच आणून बसवलंय मागे, पण बिचाऱ्यांना कमी ऐकू येतं."