तीन शब्द

धुळ्याच्या शिबिरात स्मृतिभ्रंश ओळखायची चाचणी शिकून आल्यापासून साक्रीच्या माझ्या दवाखान्यात मी गिऱ्हाईकच शोधत होतो. बाजाराच्या दिवशी झुलालने आईला आणलं.

"माय बठ्ठं इसरी जास, डाक्तरभाऊ," म्हणाला आणि तिला माझ्यावर सोपवून बाजारात गेला.

मी मोठ्या तोऱ्यात मंजुळाबाईंना तीन शब्द दिले: कुदळ, कंदील, बाजरी. "ध्यानात ठेवा. बाहेर बाकावर बसा, पाच मिनिटांनी विचारतो."

मग पेशंटची रीघ लागली. दुपारी दोनला सगळे संपले, तेव्हा भुकेने कासावीस होऊन मी दाराला कुलूप घालू लागलो.



मागच्या बाकावरून मंजुळाबाई म्हणाल्या, "कुदळ, कंदील, बाजरी. डाक्तरभाऊ, आते घर जाऊ का?"