घारींचा डोंगऱ्या

"चौकी गेली," राजेश म्हणाला आणि त्याने मोबाइल प्रियदर्शिनीच्या पुढ्यात सरकवला.

पोलादपूरच्या वरच्या रानातलं पाण्याचं टाकं घारींनी घेतलं होतं. घारींनी म्हणजे त्यांच्यातल्या 'डोंगऱ्या' नावाच्या गड्यानेच. महाडच्या मोरांनी मोटरसायकलला किक मारेपर्यंत हा बाबा तिथे जाऊन बसलाही होता.

खेळ तसा सोपा. मोबाइलच्या नकाशावर खोऱ्यातल्या खऱ्या जागा चौक्या म्हणून मांडलेल्या. गेम चालू ठेवून चौकीपाशी थोडा वेळ थांबलं की ती आपोआप आपल्या पक्षाची होते. महाडकर ते मोर, पोलादपूरकर त्या घारी. आपल्या पक्षातले गडी नकाशावर कायम दिसतात, शत्रू मात्र जवळ आला किंवा चौकीवर बसला की मगच. दर रविवारी एक कोडं येतं. उत्तराच्या जागी जो आधी पोचेल, त्याच्या पक्षाचं आठवडाभर सगळं खोरं.

आजचं कोडं होतं, 'वर आभाळ, खाली आभाळ, मधे दगडाची कड.' उत्तर तेच टाकं, आणि प्रियदर्शिनीने ते चहा निवायच्या आत सोडवलं होतं. ती औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी मोरांची सेनापती. पण कोडी बनवणाऱ्यांना डोंगरातल्या जुन्या जागांचं भलतं वेड, आणि डोंगरात डोंगऱ्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं.

बाकीचे मोर त्याच्या नावाने बोटं मोडायचे. प्रियदर्शिनीला मात्र हल्ली राग येईनासा झाला होता. सरळ सांगायचं तर पोरगी प्रेमात पडली होती. जिंकल्यावर तो बढाई मारत नाही, हरल्यावर कुरकुरत नाही, उगाच कुणाला चिडवत नाही. असा पुरुष तिने आपल्या उभ्या खानदानात पाहिला नव्हता.

तिने त्याला निरोप पाठवला होता, एकदा भेटू या म्हणून. उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी धबधब्याजवळच्या चौकीवर तो दुपारभर बसून असल्याचं गेममध्ये दिसलं. त्यावरून तिने ठरवून टाकलं की माणूस हळवा आहे.

"उत्तर देत नाही म्हणजे मोठा विचारच करत असेल असं नाही," राजेश म्हणाला. तो तिच्याच कंपनीतला, मूळचा पोलादपूरचा, आणि तरी मोरांच्या बाजूने खेळायचा. कुणासाठी, ते तिच्याशिवाय सगळ्या शिफ्टला माहीत होतं.

घरी वेगळाच ताप होता. पनवेलच्या एका इंजिनियरचं स्थळ आलं होतं आणि तिच्या आईने, संजीवनीने, पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग, असं बजावलं होतं. प्रियदर्शिनीने मनाशी पक्कं केलं. त्याआधी डोंगऱ्याला गाठायचं. तोही तिच्याबद्दल तसाच विचार करत असेल, तर पनवेलला नारळ.

रविवारी कोडं यायच्या आधीच ती राजेशच्या मोटरसायकलवर मागे बसून, डोंगऱ्याने घेतलेल्या चौक्यांच्या मधोमध असलेल्या डोंगरावरच्या वाडीत जाऊन थडकली. दुपार कलल्यावर कोडं आलं. 'लढाई संपली, तरी हातातली तलवार खाली ठेवली नाही.'

"वीरगळ," ती लगेच म्हणाली.

लढाईत पडलेल्या वीराचा तो कोरीव दगड वाडीच्या टोकालाच होता. दगडाशेजारच्या कातळावर भिकू नावाचे एक म्हातारे कंबरेची पिशवी सोडत बसले होते. राजेश चौकीत पाय टाकणार, इतक्यात प्रियदर्शिनीने त्याचा दंड धरला.

"थांब. त्याला येऊ दे."

"अगं, जिंकतोय आपण."

"मला जिंकायचं नाहीये, राजेश. मला तो बघायचाय."

राजेशने पाय मागे घेतला. महाडहून मोरांचे फोनवर फोन येत होते, ते तिने उचलले नाहीत. तिने भिकूंना विचारलं, वाडीत हा खेळ कोण खेळतं? खेळाचं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण मुंबईचा नातू स्वराज शिमग्याला आला होता, तो आपला जुना मोबाइल काहीतरी चालू करून इथेच ठेवून गेला, म्हणाले. रोज सकाळी तो मोबाइल रानात जातो. मग रानात कोण कुठं हाय ते सुनेच्या मोबाइलवर घरबसल्या दिसतं.

"आणि तो मोबाइल कुणाकडे असतो?" तिने पुढे सरकत विचारलं.

"म्होरं चालतो त्याच्याकडं. बाकीची समदी त्याच्या मागनं."

घारींचा सेनापती! तिने राजेशकडे असं पाहिलं, की त्याला मान खाली घालावी लागली.

"स्वभावाने कसे आहेत ते?"

भिकूंनी पिशवीतलं मूठभर मीठ कातळावर पसरलं. "आडमुठा हाय गो. पन जीव लावनारा. येलच आता, त्याची येळ झाली."

तेवढ्यात तिच्या नकाशावर घारीची खूण उमटली. डोंगऱ्या. पलीकडच्या उतारावरून तो सरळ वीरगळाकडेच येत होता. घाई नाही, गडबड नाही, कोडं आधीच सुटल्यासारखी चाल. प्रियदर्शिनीने केस नीट केले, ओढणी सारखी केली आणि सगळा धीर एकवटून म्हणायचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. इतकं छान तिला कधी वाटलं नव्हतं.

खूण अगदी जवळ आली. समोरची करवंदीची जाळी हलली.

आणि गळ्यात घंटा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल मिरवत एक धिप्पाड काळा बोकड बाहेर आला आणि मीठ चाटू लागला.