घरचं माणूस

"दोन पुरुषांचं लग्न आपल्या धर्मात बसत नाही, मग कायद्यात तरी का बसवायचं?" मल्लेश्वरमच्या देवळातल्या सभेत मल्हारराव तावातावानं बोलले, तेव्हा त्यांचा मुलगा रणवीर आणि त्याचा जोडीदार शिवकुमार उठून गेले होते.

महिन्याभरात मल्हाररावांना अर्धांगाचा झटका आला. रणवीर परदेशी गेलेला. शेजाऱ्यांचा फोन गेला तसा शिवकुमारच धावत आला. "अण्णा, भिऊ नका, मी आहे," म्हणत त्यानं त्यांना दवाखान्यात आणलं. उजवं अंग लाकडासारखं पडलेलं, भोवती सगळे अनोळखी चेहरे. डाव्या हातानं मल्हाररावांनी शिवकुमारचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सनं अडवलं. "आत फक्त घरचं माणूस येईल. तुम्ही यांचे कोण?"

शिवकुमारनं एकवार मल्हाररावांकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"कायद्यानं... कुणी नाही," म्हणत त्यानं अलगद मनगट सोडवून घेतलं.

"घरचाच आहे तो!" मल्हारराव जिवाच्या आकांतानं ओरडले, पण वाकड्या झालेल्या तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला आणि दार बंद झालं.